जिभेची परीक्षा

परीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम कागद येतो. बाकांच्या रांगा, घंटेचे टोल, पुरवण्या बांधण्याचा पांढरा दोरा, पर्यवेक्षकांच्या चपलांचा आवाज आणि या साऱ्यांवर पसरलेली शांतता. आपल्या कल्पनेतील परीक्षा मुकी असते. तीत तोंड उघडणे हाच मुळी गुन्हा. पिढ्यान्‌पिढ्या अशा मुक्या परीक्षांना बसत आलेल्या समाजापुढे जेव्हा नुसत्या बोलण्याची परीक्षा येते, आणि तेही इंग्रजीत बोलण्याची, तेव्हा त्याची कशी त्रेधा उडते हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने दादर-माटुंग्याच्या बाजूस एखादी संध्याकाळ काढावी.

इकडे महाविद्यालये पुष्कळ आणि क्लासही पुष्कळ. त्यांतील कित्येक क्लासांच्या पाट्यांवर ‘आयईएलटीएस’ ही अक्षरे दिसतात. कोणाला कॅनडात शिकावयास जावयाचे असते, कोणा परिचारिकेला इंग्लंडातल्या रुग्णालयात नोकरी हवी असते. वाचणे, लिहिणे, ऐकणे आणि बोलणे असे या परीक्षेचे चार भाग. त्यांतल्या बोलण्याच्या भागाला अकरा ते चौदा मिनिटे लागतात. समोर एक परीक्षक आणि मध्ये एक टेबल. बोलणे मुद्रित होत असते. चार-पाच मिनिटे घर, गाव, काम यांविषयी प्रश्न. मग हातात एक चिठ्ठी पडते, तीवरील विषयाचा विचार करण्यास एक मिनिट मिळते आणि त्यावर एक ते दोन मिनिटे एकट्याने बोलावयाचे. शेवटी त्याच विषयाला धरून थोडी चर्चा. एवढाच हा प्रकार. पण लेखी भागात निर्धास्त असणारी मुले या चौदा मिनिटांच्या विचारानेच गळाठतात. इंग्रजी या शहरात येऊन दोनशे वर्षे होत आली. मग ती आमच्या हातात उतरली आणि जिभेवर का उतरली नाही? याचे उत्तर मुलांच्या भित्रेपणात सापडणार नाही. ते इतिहासात शोधावे लागते.

आरंभी तर सारेच तोंडी होते. १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शाळेची पुस्तके यांसाठी जी मंडळी स्थापन झाली, तिच्या काळी पाठ तोंडाने घ्यावयाचा आणि परीक्षाही तोंडानेच द्यावयाची, हीच रीत होती. १८२७ साली गव्हर्नर एल्फिन्स्टन निघून गेल्यावर त्यांच्या नावाने शहरात निधी जमला, आणि १८३५ मध्ये ऑर्लेबार व हार्कनेस हे दोघे प्राध्यापक येऊन टाऊन हॉलमध्ये वर्ग भरू लागले. विद्यार्थी मूठभर. इंग्रजी बोलणारा माणूस त्यांच्यासमोर उभा असे. त्याचे ऐकावयाचे, आणि त्याला उत्तर द्यावयाचे. त्याच सुमारास बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. त्यात एका बाजूस इंग्रजी आणि शेजारी मराठी असा मजकूर छापला जाई. दोन भाषा एका पानावर शेजारणींसारख्या बसल्या होत्या, हे चित्र पुढील कथेसाठी वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तेथे सभासद इंग्रजीत निबंध वाचीत आणि त्यांवर वादविवाद करीत. आपापसांत, एकमेकांचे ऐकून घेत, त्यांनी ती भाषा जिभेवर घोळविली. दादाभाई नवरोजी याच वातावरणात तयार झाले. विशेष हे की, त्याच सोसायटीने मराठी आणि गुजराती भाषांसाठी ज्ञानप्रसारक सभाही काढल्या. एका सभेत इंग्रजीत बोलावयाचे आणि दुसऱ्या सभेत तेच ज्ञान आपल्या भाषेत मांडावयाचे, असा तो परिपाठ होता. त्याच दशकात शिक्षण मंडळात सर अर्स्किन पेरी आणि जगन्नाथ शंकरशेट यांचा शिक्षणाच्या माध्यमावरून मोठा वाद झडत होता. पेरीसाहेबांचा ओढा इंग्रजीकडे, तर नानांचा आग्रह देशी भाषांसाठी. हा वाद अजून मिटलेला नाही. परंतु सोसायटीतल्या त्या तरुणांनी तो आपल्यापुरता मिटविला होता असे म्हणता येईल. त्यांनी दोन्ही भाषांत तोंड उघडले.

यानंतर कागद आला. १८५७ मध्ये लंडनच्या धर्तीवर मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली आणि १८६२ मध्ये रानडे, भांडारकर, वागळे व मोडक हे पहिले पदवीधर बाहेर पडले. शिक्षण पसरू लागले तशी मुलांची संख्या वाढली, आणि शेकडो, पुढे हजारो मुलांना एकाच मापाने मोजावयाचे तर छापील प्रश्नपत्रिकेवाचून गत्यंतर नव्हते. यात अन्याय नव्हता. उलट एक प्रकारचा न्यायच होता. कागदाला परीक्षार्थीची जात, कपडे, उच्चार दिसत नाहीत. पण ज्याची परीक्षा होत नाही ते शाळेत शिकविले जात नाही, हा शाळांचा जुना स्वभाव आहे. जिभेचे गुण संपले तशी जीभही वर्गातून उठून गेली.

तिच्या जागी भाषांतर आले. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मराठी घरांतून किती पिढ्या वापरली गेली हे सांगावयास नको. वाक्य मराठीत घ्यावयाचे, त्याचे इंग्रजी करावयाचे. इंग्रजी घ्यावयाचे, त्याचे मराठी करावयाचे. या पद्धतीची हल्ली पुष्कळ थट्टा होते, पण तिने आमच्यावर केलेले उपकार विसरू नयेत. ज्या गावात इंग्रजी बोलणारा एकही माणूस नाही तेथे केवळ एका पुस्तकाच्या बळावर मुलगा इंग्रजी वाचू-लिहू लागला तो या पाठमालेमुळे. इंग्रजीला ‘वाघिणीचे दूध’ म्हणण्याची जी आपल्याकडे रूढी आहे, ती विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाने सांगितली जाते, आणि त्यांनी व टिळकांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात काढलेल्या राष्ट्रीय बाण्याच्या शाळेचे नावही न्यू इंग्लिश स्कूल असेच होते. दूध मिळाले यात शंका नाही. मात्र वाघिणीचा आवाज आम्ही क्वचितच ऐकला.

तरीही याच पद्धतीतून एक असा आवाज निघाला की तो पुढे साऱ्या जगाने ऐकला. या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभी परळच्या डबक चाळीत एका खोलीच्या बिऱ्हाडात सुभेदार रामजी सकपाळ राहत. ते लष्करी शाळेत शिक्षक होते. आपल्या भीमरावाकडून त्यांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरे पक्की करून घेतली. म्हणजे साधने इतर मुलांकडे होती तीच. पण त्या मुलाच्या वाट्याला आणखी दोन गोष्टी आल्या. घरात रोज पाठ ऐकणारा बाप होता. आणि चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसलेल्या या मुलाची चौकशी करणारे, त्याला पुस्तके देणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर त्याला भेटले. १९०७ साली तो एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. पुढे कॉलेजचे शिक्षण अडण्याची वेळ आली तेव्हा केळुसकर गुरुजी त्याला सयाजीराव गायकवाडांच्या भेटीस घेऊन गेले. महाराजांनी मुलाला काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

माझ्या मते आमच्या शहरातील तोंडी परीक्षांच्या इतिहासात या परीक्षेएवढे मोल दुसऱ्या कोणत्याही परीक्षेला नाही. तिला अभ्यासक्रम नव्हता, गाइडे नव्हती, गुणपत्रिकाही नव्हती. पण त्या काही उत्तरांवर पुढले सारे अवलंबून होते. १९१३ साली आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत ज्यांना हजारो वर्षे बोलूच दिले नव्हते त्यांच्या वतीने उभे राहून बोलले. त्या सुमारासच त्यांनी माटुंग्याला लागून असलेल्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. आज त्या घरावरून क्लासला जाणाऱ्या मुलांना हे कोणी सांगावयास हवे की, तर्खडकरांच्या पाठमालेतून निघालेली वाट इथवर आली होती. पाठांतर आड आले नाही, कारण त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही होते आणि ते ऐकून घेणारा माणूस त्याला वेळेवर भेटला.

आता माटुंग्याचीच गोष्ट. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनींवर आखीव रस्त्यांची, बागांची वस्ती वसू लागली. दक्षिणेकडून, मुख्यत्वे मद्रास इलाख्यातून, शिकलेली माणसे या शतकापूर्वीच्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईस येऊ लागली. ती कचेऱ्यांतून कारकून, टंकलेखक, लघुलेखक म्हणून लागली आणि बऱ्याच जणांनी माटुंग्यास बिऱ्हाडे केली. १९३२ साली त्यांच्या मुलांसाठी साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली. त्याआधी १९२३ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट भायखळ्याहून माटुंग्यास आली होती. १९३७ मध्ये रुईया आणि खालसा ही महाविद्यालये उभी राहिली.

लघुलेखकाचा धंदा मोठा विचार करण्यासारखा आहे. साहेब भराभर बोलणार आणि याने ते शब्दन्‌शब्द टिपून घेणार. म्हणजे त्याच्या पोटाचे साधन हातापेक्षाही कान होता. दिवसभर इंग्रजी ऐकणाऱ्या माणसाच्या घरात ती भाषा थोडीफार बोलली जाई, शेजाऱ्यांत बोलली जाई. गिरणगावात याच्या नेमके उलट होते. लालबाग-परळच्या मुलाच्या कानावर गिरणीचा भोंगा, भजन, शाहिराचा डफ, कामगार सभांतली भाषणे पडत. मराठीत त्याच्याइतका वाकबगार बोलणारा शोधून सापडला नसता. इंग्रजी मात्र त्याला वर्गातल्या फळ्यावरच भेटे. त्यातही स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेपर्यंत पुढे ढकलण्यात आला. १९५४ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मातृभाषा इंग्रजी नसलेल्या मुलांना प्रवेश न देण्याचा हुकूम सरकारने काढला. देवळालीच्या बार्न्स हायस्कुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्दबातल ठरविला. परिणाम असा झाला की ज्यांना परवडत होते त्यांच्यासाठी इंग्रजी माध्यमाचे दार उघडेच राहिले, आणि बाकीच्यांची मुले आठवीत मुळाक्षरांपासून आरंभ करू लागली.

मग ही मुले नोकरीसाठी मुलाखतीच्या खोलीत जात. लेखी परीक्षेत दोघांचे गुण सारखे असले तरी दार बंद झाल्यावर पहिल्या तीन वाक्यांत निकाल लागे. या खोलीचा अभ्यासक्रम कोठेही छापलेला नव्हता. साठीच्या दशकात मुंबईत नोकऱ्यांवरून मराठी आणि दक्षिणी असा जो कडवट वाद पेटला, १९६० मध्ये निघालेल्या ‘मार्मिक’ने कचेऱ्यांतील अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या आणि १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली, त्या साऱ्यामागे राजकारणाची अनेक कारणे होती. पण त्यांत मुलाखतीच्या खोलीत न फुटलेल्या शब्दांचाही काही वाटा असावा असे मला नेहमी वाटत आले आहे. माटुंग्याच्या शेजाऱ्याचा दोष एवढाच की त्याच्या घरात ऐकणारा कान होता. आम्ही रागावलो शेजाऱ्यावर. आमच्या शाळेतील मुक्या तासाला जाब विचारावयाचे राहूनच गेले.

बोलण्याचे मोजमाप करणे साहेबालाही सोपे गेलेले नाही. केंब्रिज विद्यापीठाने १९१३ साली परदेशीयांसाठी इंग्रजीतील प्रावीण्याची परीक्षा काढली. पहिल्या वर्षी बसले तीन जण, आणि तिघेही नापास झाले! त्या परीक्षेत भाषांतर, व्याकरण, निबंध, वाङ्मय, उच्चारशास्त्र अशा लांबलचक पत्रिका होत्या. मोठ्याने वाचन आणि संभाषण यांसाठी अर्धा तास होता. अमेरिकेची टोफेल परीक्षा १९६४ मध्ये सुरू झाली, तरी तिच्या मुख्य परीक्षेत बोलण्याचा भाग यावयास २००५ साल उजाडावे लागले, आणि तेही माणसासमोर नव्हे तर यंत्रापुढे. आयईएलटीएस १९८९ ची. तिच्यात बोलण्याचे गुण चार गोष्टींवर सारखे वाटलेले आहेत: ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. यांतील उच्चार म्हणजे साहेबी हेल नव्हे. ऐकणाऱ्यास विनासायास कळले पाहिजे, एवढीच अपेक्षा असते. आपली मुले मात्र सारी शक्ती हेल उचलण्यात आणि ‘आदर्श उत्तरे’ घोकण्यात घालवितात. घोकलेले उत्तर जाणत्या परीक्षकास दुसऱ्या वाक्यातच ओळखू येते, कारण त्यात बोलणाऱ्याचे काहीच नसते. कागदी परीक्षेचा दीडशे वर्षांचा संस्कार असा जिभेवरही चालून येतो.

या परदेशी परीक्षा काही थोड्यांच्या. पण बोलण्याची एक परीक्षा आपल्या घरचीही आहे, आणि तिला लाखो मुले बसतात. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. पुढे शालान्त परीक्षेत भाषांना वीस गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनासाठी राखण्यात आले. शाळांनी ते गुण सढळ हाताने वाटले, अशी ओरड झाली आणि २०१९ च्या परीक्षेत ते काढून टाकण्यात आले. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला दहावीचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर उतरला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता हे खरे. तरी पालकांत गिल्ला झाला आणि २०२० पासून वीस गुण परत आले. त्या वर्षी निकाल ९५.३० टक्के लागला. अर्थात भूगोलाची पत्रिका महासाथीमुळे रद्द झाली होती, तेव्हा साऱ्या वाढीचे श्रेय तोंडीला देता येत नाही. या गदारोळात सर्वांनी टक्केवारीची चर्चा केली. या वीस गुणांसाठी मूल वर्षभरात किती मिनिटे बोलते, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो हिशेब अवघड नाही. वर्गात साठ मुले आणि तास पस्तीस मिनिटांचा. शिक्षकाने स्वतः एक अक्षरही न बोलता सारा तास मुलांना वाटून दिला तरी एकेकाच्या वाट्याला अर्ध्या मिनिटाहून फारसे अधिक येत नाही. म्हणून तोंडी परीक्षेच्या दिवशी मुले गाइडातली उत्तरे म्हणून दाखवितात. अशाच एका तोंडीच्या वेळी लालबागकडच्या एका मुलीने ‘माझा आवडता सण’ घडाघडा म्हणून दाखविला, आणि मध्येच एक शब्द विसरताच ती भिंतीसारखी गप्प झाली. मी सहज तिला डब्यात काय आणले आहे ते विचारले. घावन होते. ते आजी कसे करते असे विचारताच तिची जीभ सैल झाली. तांदळाचे पीठ, पातळ कालवणे, बीड तापल्याशिवाय पीठ ओतावयाचे नाही, पहिले घावन नेहमी फसते, हे सारे तिने मोडक्या इंग्रजीत सांगितले. क्रियापदांचा काळ धड नव्हता, ‘बीड’ला शब्द सापडला नाही तेव्हा तिने हातांनी तवा दाखविला, पण दोन मिनिटे ती बोलली, आणि मला सारे कळले. परीक्षक ज्याला ओघ आणि सुसंगती म्हणतात ते याहून निराळे काय असते?

तेव्हा तयारी करावयाची ती अशी. विषय आपल्या अनुभवातला घ्यावा. शब्द अडला तर गप्प न बसता वळसा घालून अर्थ सांगावा. दोघादोघांनी जोडी करून रोज दहा मिनिटे बोलावे. एकाने बोलावे, दुसऱ्याने न टोकता ऐकावे आणि शेवटी एकच प्रश्न विचारावा. चुका मागाहून दुरुस्त होतात. न बोललेले वाक्य मात्र कधीच दुरुस्त होत नाही. १८४८ च्या तरुणांनी याहून वेगळे काही केले नव्हते, आणि त्यासाठी त्यांना एक खोली आणि एकमेकांचे कान यांपलीकडे काही लागले नाही.

परंतु या साऱ्याआधी एक पायरी आहे, आणि ती इंग्रजीची नाही. मुलाला म्हणावे, याच विषयावर मराठीत दोन मिनिटे बोल. बहुतेकदा तेही जमत नाही. वक्तृत्व स्पर्धेची भाषणे शिक्षक लिहून देतात आणि मुले हातवाऱ्यांसकट पाठ म्हणतात. पाहुण्यांपुढे कविता म्हणून दाखव असे आपण सांगतो. तुला काय वाटते ते सांग, असे सांगत नाही. मोठ्यांच्या बोलण्यात मुलांनी तोंड घालू नये, हा तर आपल्याकडे संस्कारच मानला आहे. मग पंधरा-सोळा वर्षे आईच्या भाषेतही ज्याचे बोलणे कोणी पुरते ऐकून घेतले नाही, त्याने अनोळखी परीक्षकापुढे परक्या भाषेत मन मोकळे करावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? परदेशी परीक्षेचे शुल्क हजारो रुपये आहे आणि क्लासचे निराळे. तेथे बसलेला परीक्षक चौदा मिनिटे आपल्या मुलाकडे लक्ष देऊन ऐकतो. पुष्कळ मुलांच्या आयुष्यात एवढा वेळ सलग ऐकणारा तो पहिलाच माणूस असतो, ही गोष्ट मला त्यांच्या इंग्रजीपेक्षा अधिक चिंतेची वाटते. दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी फराळाला माणसे जमतील. तेव्हा घरातल्या लहानाला एखादा प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत आपण गप्प बसावे.